चिंतामणराव देशमुख : सही आणि राजीनामा



माझी सारी नोकरी बँकेत गेली. त्यामुळे स्मरणिकेसाठी चिंतामणराव देशमुखांखेरीज दुसरे नाव सुचले नाही.

दहाच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते, एक रुपयाच्या नोटेवर मात्र सरकारच्या अर्थसचिवांची. नोटेवर गव्हर्नर म्हणून सही करणारे पहिले भारतीय म्हणजे चिंतामणराव. 14 जानेवारी 1896 रोजी महाडजवळच्या नाते गावी त्यांचा जन्म झाला. आपल्या खारबावप्रमाणेच तेही कोकणपट्टीतलेच गाव. 1912 साली ते मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिजला शिकून 1918 च्या आयसीएस परीक्षेतही त्यांनी पहिला क्रमांक पटकावला.

रिझर्व्ह बँक 1935 साली सुरू झाली. तिचे पहिले गव्हर्नर ऑसबोर्न स्मिथ यांचे व्याजदर आणि विनिमयदरावरून सरकारशी पटले नाही आणि 1937 मध्ये ते गेले. ऑगस्ट 1943 मध्ये चिंतामणराव त्या खुर्चीवर आले, तेव्हा युद्धामुळे महागाई भडकली होती. जानेवारी 1946 मध्ये सरकारने पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या. या उपायाने काळा पैसा फारसा हाती लागेल असे चिंतामणरावांना वाटत नव्हते. त्यांनी आपले मत सरकारला कळवले. निर्णय सरकारने घेतला आणि बँकेने तो राबवला. 1 जानेवारी 1949 रोजी बँक सरकारी मालकीची झाली. लोकहितासाठी गव्हर्नरांशी सल्लामसलत करून बँकेला निर्देश देण्याचा अधिकारही कायद्याने सरकारला मिळाला.

मग 1950 साली ते स्वतःच अर्थमंत्री झाले, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले. 1956 मध्ये मुंबई महाराष्ट्राला नाकारण्याच्या धोरणावरून त्यांनी ते पदही सोडले. पुढच्याच जानेवारीत नव्या अर्थमंत्र्यांशी मतभेद होऊन गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनीही राजीनामा दिला.

मला वाटते, बँकेची स्वायत्तता कायद्याच्या कलमात थोडी आणि माणसात जास्त असते. कर्ज घेणाऱ्याच्याच हाती नोटा छापण्याचे यंत्र दिले, तर आपल्या भविष्यनिर्वाह निधीचे आणि पेन्शनचे मोल घटते. म्हणून नको ते नको असे वेळेवर सांगणारा कुणीतरी लागतो. आपल्यापैकी कितीतरी जण पतपेढीत, सोसायटीत, ग्रामपंचायतीत हिशेब सांभाळतात. तिथेही अध्यक्षांना नियम दाखवावा लागतो.

2 ऑक्टोबर 1982 रोजी चिंतामणराव गेले. त्यांच्या स्मृतीस आपल्या बॅचतर्फे विनम्र अभिवादन.