कविवर्य मोरोपंत आणि आर्येचे गणित

कऱ्हाकाठच्या बारामतीस मराठी सारस्वतात अढळ स्थान मिळवून देणारे कविवर्य मोरोपंत हे आपल्या कऱ्हाडे ज्ञातीचे भूषण होत. बारामती-इंदापूरकडील ज्ञातिबांधवांस त्यांचे नाव नवे नाही. तथापि त्यांच्या आर्येमागील हिशेबाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो हिशेब चरित्रासह येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

पंतांचा जन्म १७२९ साली पन्हाळगडावर झाला. वडिलांचे नाव रामजीपंत पराडकर. केशव पाध्ये व गणेश पाध्ये या विद्वान बंधूंजवळ त्यांचे अध्ययन झाले. पुढे ऐन तारुण्यात ते बारामतीस आले. पेशव्यांचे आप्त व मोठे सावकार बाबूजी नाईक यांनी त्यांस आश्रय दिला. पुराण सांगावे व काव्य रचावे, असा त्यांचा क्रम सुमारे चाळीस वर्षे चालला. समग्र महाभारत त्यांनी आर्येत उतरविले, ते याच गावी. १७९४ च्या चैत्र पौर्णिमेस त्यांनी येथेच देह ठेवला.

पंतांची आर्या बहुधा गीती प्रकारची असते. तिच्या प्रत्येक अर्धात ३० मात्रा असतात. लघूची १ मात्रा व गुरूच्या २. चार-चार मात्रांचे सात गण व अखेरीस एक गुरू, अशी ही मांडणी होय. चार मात्रांचा गण पाचच प्रकारे होतो: दोन गुरू; लघु-लघु-गुरू; गुरू-लघु-लघु; चार लघु; आणि लघु-गुरू-लघु, म्हणजे जगण. या जगणावर निर्बंध आहे. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या व सातव्या स्थानी तो वर्ज्य. त्यामुळे दोन जगण लागोपाठ कधीच येत नाहीत. सहाव्या स्थानी मात्र जगण किंवा चार लघु, एवढेच चालते.

आता मोजू. सात स्थानी अनुक्रमे ४, ५, ४, ५, ४, २ व ४ प्रकार संभवतात. त्यांचा गुणाकार १२,८००. दोन्ही अर्ध मिळून १२,८०० गुणिले १२,८००, म्हणजे १६,३८,४०,००० प्रकार झाले! निर्बंध इतके कडक असूनही कवीस एवढे मोकळे रान उरते.

हे मुलांस समजावे म्हणून आम्ही वर्गात गावाचेच नाव घेत असू. ‘बारामती’ या शब्दाने अर्धाचा आरंभ केला, तर ‘बारा’ हा पहिला गण होतो. ‘मती’पुढे लघु आल्यास दुसरा गण जगण होतो व तो चालतो. तोच शब्द दुसऱ्या स्थानापासून योजिला, तर जगण तिसऱ्या स्थानी पडून आर्या बिघडते. पंतांचे ‘मयूर’ हे नावही जगणच. सहाव्या स्थानी ते नेमके बसते.

एवढ्यानेही पंतांचे समाधान झाले नाही. निरोष्ठ रामायणात त्यांनी ओष्ठ्य अक्षरे वर्ज्य केली. तेथे ‘म’ नाही. म्हणजे ‘राम’ हे नाव नाही व ‘मयूर’ही नाही. तरी रामकथा पूर्ण झाली!

काव्याचे नियम म्हणजे बेड्या, असे आमचे कित्येक विद्यार्थी म्हणत. त्यांस आम्ही वरील गुणाकार करावयास लावीत असू. पालकांनीही घरी मुलांकडून एखादी आर्या बोटांवर मोजून घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे. पंतांचे स्मरण त्याने सहज घडेल.