व्हॉन न्यूमन आणि आमचा तिसरा सर्व्हर

व्हॉन न्यूमन हे नाव आपण सेकंड इयरला पाच मार्कांसाठी पाठ करतो आणि पेपर झाला की विसरतो. मीही विसरलो होतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या दोन सर्व्हरच्या क्लस्टरने रात्री दीड वाजता दगा दिला, तेव्हा हा माणूस परत आठवला. झालं काय, की दोघांना जोडणारी हार्टबीटची केबल सुटली. प्रत्येकाला वाटलं दुसरा मेला, आणि दोघंही मालक होऊन बसले. सबमिशनच्या फाइली अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे. जुळवायला चार दिवस गेले. काही मिळाल्याच नाहीत.

जॉन व्हॉन न्यूमन यांचा जन्म 28 डिसेंबर 1903 चा, बुडापेस्टचा. वडील बँकेत. पोराला गणिताचं वेड, पण गणितात पैसा नाही म्हणून वडिलांनी केमिकल इंजिनिअरिंगकडे वळवलं (आपल्याकडचे वडील हे वाचून खूश होतील). पठ्ठ्याने 1926 मध्ये झुरिचची इंजिनिअरिंगची पदवी आणि बुडापेस्टची गणितातली डॉक्टरेट एकाच वर्षी घेतली. 1930 मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले.

1944 मध्ये ॲबरडीनच्या रेल्वे फलाटावर त्यांना हर्मन गोल्डस्टाईन भेटले आणि एनिॲक यंत्राची बातमी कळली. प्रोग्रॅम आणि डेटा एकाच मेमरीत ठेवायचा, हा 1945 चा प्रसिद्ध रिपोर्ट त्यातूनच आला. त्यावर नाव एकट्या न्यूमन यांचं होतं. एकर्ट आणि मॉकली यांचा वाटा मोठा होता, तो झाकला गेला. हे मला काही पटत नाही.

पण माझ्या मते त्यांचं खरं इंजिनिअरिंग पुढे आहे. एनिॲकमध्ये जवळपास 18,000 व्हॅक्युम ट्यूब होत्या आणि त्या सारख्या उडायच्या. जानेवारी 1952 मध्ये कॅलटेकला दिलेल्या व्याख्यानांत न्यूमन यांनी प्रश्न घेतला, की बेभरवशाच्या भागांतून भरवशाचं यंत्र कसं बांधायचं? एक उपाय असा: तेच काम तिघांना द्या आणि बहुमत घ्या. प्रत्येक भाग 1000 पैकी 100 वेळा चुकत असेल, तर तिघांचं बहुमत फक्त 28 वेळा चुकतं. कॅल्क्युलेटर घेऊन बघा. मात्र मत मोजणारा भागही चुकू शकतो, हे त्यांनी धरलं होतं. चुकीचं प्रमाण सहात एक किंवा जास्त असेल, तर या पद्धतीने कितीही भाग वाढवले तरी उपयोग नाही. शिवाय चुका एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात.

आमची मेख इथेच होती. सरांची पहिली कल्पना होती, की एक सर्व्हर नांदेडलाच ठेवू आणि दुसरा लातूरच्या ओळखीच्या कॉलेजात. पण मतं दोनच राहिली असती. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली की पुन्हा तीच बोंब. म्हणून तिसरा आणला. चौथा मागितला नाही, कारण चारांचं बहुमत म्हणजे तीन, म्हणजे तेव्हाही एकच पडलेला चालतो. तिघेही आधी लॅबमध्ये एकाच इन्व्हर्टरवर ठेवले होते. लाईट गेली, इन्व्हर्टर बसला, तिघे एकदम आडवे! मग एक लॅबमध्ये, एक ग्रंथालयात, एक वर्कशॉपमध्ये, प्रत्येकाला वेगळा यूपीएस. आता अपडेट करताना एकच उतरवतो; तो परत येऊन डेटा जुळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाही. एक आधीच आजारी असेल तर अपडेट पुढच्या रविवारी.

1955 मध्ये न्यूमन यांना कॅन्सर असल्याचं कळलं. पुढच्या वर्षी ते वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड हॉस्पिटलमध्ये होते. संगणक आणि मेंदू यांची तुलना करणारी व्याख्यानं लिहायला घेतली होती, ती द्यायला जाता आलं नाही. ज्या डोक्यात मोठमोठी गणितं तोंडी व्हायची, ते साथ सोडू लागलं. मुलगी भेटायला आली की ते तिला साध्या बेरजा विचारायला लावत, अजून जमतंय का ते बघायला. 8 फेब्रुवारी 1957 ला ते गेले, वय 53. ती अपुरी व्याख्यानं 1958 मध्ये पुस्तक म्हणून निघाली, अपुरी होती तशीच.