घरची भाषा रंगमंचावर नेणारा नट : मच्छिंद्र कांबळी



डिचोलीहून दोडामार्गचा नाका ओलांडला की राज्य बदलते, पण बोलणे फारसे बदलत नाही. तिकडचा माणूस ‘माका’, ‘तुका’ म्हणतो आणि आपल्या सर्वणातही घराघरांत तेच शब्द कानावर पडतात. चार शब्द इकडचे तिकडे होतात एवढेच. या सीमेपलीकडच्या मालवणी बोलीला मराठी व्यावसायिक रंगभूमीवर मानाचे पान मिळवून देणारे विनोदी नट म्हणजे मच्छिंद्र कांबळी. त्यांना जाऊन आता दीड तप उलटून गेले. आजच्या मुलांनी त्यांना रंगमंचावर पाहिलेले नाही, म्हणून त्यांची ओळख या अंकात करून देत आहोत.

मच्छिंद्र कांबळी यांचा जन्म ४ एप्रिल १९४७ रोजी झाला. मालवणजवळचे रेवंडी हे त्यांचे गाव. तेव्हा मालवण तालुका रत्नागिरी जिल्ह्यात होता; सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा १९८१ साली झाला. कोकणातल्या त्या पिढीतील असंख्य तरुणांप्रमाणे त्यांनीही मुंबईची वाट धरली. अशा माणसाला कोकणात ‘चाकरमानी’ म्हणतात. तो राहतो मुंबईत, पण गणपतीला, शिमग्याला आणि गावच्या जत्रेला त्याचे पाय घराकडे वळतात. पुढे कांबळी यांच्या नाटकांना जो प्रेक्षक लाभला, त्याचा गाभा हाच होता.

त्यांची कला समजून घ्यायची तर आधी दशावतार आठवावा लागेल. पेडणे, डिचोली आणि सिंधुदुर्ग या भागांत जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतारी नाटक होते. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, मग काळ्या वेषातला संकासुर येतो आणि मुले-माणसे पोट धरून हसतात. त्यानंतर पुराणातले आख्यान सुरू होते. बहुतेक संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरलेली असते आणि बोलणे नटाने जागच्या जागी रचायचे असते. यात एक गंमत नीट पाहा. राजे, ऋषी आणि देव भारदस्त ग्रांथिक मराठीत बोलतात. संकासुर मात्र गावच्या बोलीत बोलतो. म्हणजे मान मोठ्या भाषेला आणि हशा घरच्या भाषेला, अशी वाटणी आपल्या अंगणातच झालेली होती.

शहरातल्या व्यावसायिक नाटकांतही वेगळे चित्र नव्हते. नायक, नायिका, वकील, डॉक्टर प्रमाण मराठीत बोलत. मालवणी आलीच तर घरातल्या गड्याच्या तोंडी येई. तो दोन वाक्ये बोलून हशा मिळवी आणि आत निघून जाई. मालवणने भार्गवराम विठ्ठल तथा मामा वरेरकर यांच्यासारखा थोर नाटककार मराठीला दिला होता. पण मालवणी बोलीत पूर्ण लांबीचे नाटक करून मुंबईची नाट्यगृहे भरतील, असे कुणी छातीठोकपणे सांगितले नसते.

ते १९८० साली घडले. गंगाराम गवाणकर यांनी लिहिलेले ‘वस्त्रहरण’ हे नाटक रंगमंचावर आले. कथा अगदी साधी आहे. कोकणातल्या एका गावातली हौशी मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचे नाटक बसवतात. आधी तालीम आणि मग प्रत्यक्ष प्रयोग, आणि त्या प्रयोगात जे जे बिघडू शकते ते सारे बिघडते. राजवस्त्रे घातलेली पात्रे बोलू लागतात ती मालवणीत, मध्येच आपली गावची भांडणे काढतात आणि महाभारत बाजूलाच राहते. यात मच्छिंद्र कांबळी यांनी तात्या सरपंचाची भूमिका केली. बोली तीच, पण आता ती गड्याच्या तोंडी नव्हती, गावच्या सरपंचाच्या तोंडी होती. हा बदल दिसायला लहान आहे. त्याचा अर्थ मात्र फार मोठा आहे.

आपल्याकडे वाड्यावाड्यांवर जत्रेनिमित्त नाटक बसवणाऱ्यांना हे दृश्य नवीन वाटणार नाही. प्रॉम्प्टरचा आवाज नटापेक्षा मोठा होणे, दाढी सुटणे, ऐन वेळी पात्र रुसणे हे आपल्या कित्येक पालकांनी स्वतः अनुभवले असेल. म्हणूनच या नाटकात प्रेक्षक दुसऱ्याला हसत नव्हता, स्वतःलाच हसत होता.

सुरुवातीला मात्र या नाटकाला फारसा प्रतिसाद मिळाला नाही. मग पु. ल. देशपांडे यांनी प्रयोग पाहिला. तो त्यांना इतका आवडला की त्यांनी मनापासून कौतुक करणारे पत्र लिहिले. यात एखादी लहानशी भूमिका आपल्यालाही मिळायला हवी होती, असा त्याचा आशय होता. ते पत्र लोकांपर्यंत पोहोचले आणि नाट्यगृहांवर गर्दी होऊ लागली. पुलंच्या शब्दाला महाराष्ट्रात केवढे वजन होते, हे मोठ्यांना सांगायला नको. पण विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पत्राने प्रेक्षक एकदाच येतो. पुन्हा पुन्हा येतो तो नटांच्या कामामुळे. ‘वस्त्रहरण’चे प्रयोग पुढे पाच हजारांच्या वर गेले. कोकणात, गोव्यात आणि महाराष्ट्रभर ते गाजले. लंडनलाही त्याचा प्रयोग झाला. गावच्या जत्रेतली फजिती सातासमुद्रापार जाऊन लोकांना हसवून आली.

कांबळी यांच्या अभिनयात आदळआपट नव्हती. चेहरा गंभीर ठेवून, समोरचा काय चूक करतो आहे हे शांतपणे पाहत, नेमक्या क्षणी एक शब्द टाकायचा, ही त्यांची हातोटी होती. दशावतारी नटाला लागते ती हजरजबाबी वृत्ती त्यांच्याकडे होती. समोर कोणता प्रेक्षक बसला आहे, ते ओळखून ते प्रयोग फुलवीत. प्रत्येक प्रयोग थोडा वेगळा होई आणि म्हणून तेच नाटक अनेक वेळा पाहणारे रसिक कमी नव्हते.

१९८२ साली त्यांनी ‘भद्रकाली प्रॉडक्शन्स’ ही स्वतःची नाट्यसंस्था काढली. भद्रकाली ही त्यांच्या रेवंडी गावची देवी. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला होता. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि गिरणगावातली कित्येक घरे कायमची विस्कटली. त्या कामगारांत कोकणातून आलेली माणसे खूप होती, म्हणजे मालवणी नाटकाचा हक्काचा प्रेक्षकच. अशा दिवसांत नाटकाच्या धंद्यात स्वतःचे पैसे घालणे हे धाडसच होते. पण त्यांनी माघार घेतली नाही. ‘पांडगो इलो रे बा इलो’, ‘घास रे रामा’, ‘वय वर्षे पंचावन्न’, ‘येवा, कोकण आपलाच आसा’ अशी नाटके त्यांच्या नावाशी जोडली गेली. नट म्हणून टाळी घेणे आणि निर्माता म्हणून पदरमोड करून दौरे चालवणे ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली. अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. ज्या बोलीला नाट्यसृष्टीत आत येऊ देत नव्हते, त्या बोलीचा नट त्या सृष्टीच्या प्रमुख संस्थेचा अध्यक्ष झाला.

या यशाला दुसरी बाजूही होती, ती सांगितली पाहिजे. मालवणी म्हणजे फक्त विनोद आणि मालवणी माणूस म्हणजे केवळ इरसाल, असा समज या नाटकांमुळे पसरला, असा आक्षेप घेतला जातो. नाटकांतल्या शिव्याही काहींना खटकल्या. दोन्ही आक्षेपांत तथ्य नाही असे नाही. कोकणातल्या माणसाला दुःख आहे, विचार आहे, अभंग आहे, रडण्याची भाषा आहे. पण आपल्याच बोलीत आपल्याच गावाला हसणारा माणूस आणि आपल्याला बाहेरून येऊन हसणारा माणूस यांत अंतर आहे. कांबळी यांनी बोलीची टवाळी केली नाही. ती बोलणाऱ्याला त्यांनी रंगमंचाच्या मध्यभागी उभे केले. आणि आपल्याकडची आजी नातवाला लाडाने काय काय म्हणते, हे ज्याने ऐकले आहे, त्याला प्रत्येक शिवी ही शिवी नसते, हेही कळते.

३० सप्टेंबर २००७ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने मच्छिंद्र कांबळी यांचे निधन झाले. वय अवघे साठ. त्यांच्यामागे चिरंजीव प्रसाद कांबळी यांनी भद्रकालीचा संसार सांभाळला. याच संस्थेने २०१७ साली प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ रंगमंचावर आणले. तुकोबांची पत्नी आवली आणि साक्षात रखुमाई या दोघींचे हे गंभीर, सुरेल नाटक. हसवण्यासाठी ओळखल्या गेलेल्या संस्थेने प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणले. २०१८ मध्ये प्रसाद कांबळी हेही नाट्य परिषदेचे अध्यक्ष झाले.

आता आपल्या शाळेविषयी. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे एक विसंगती फार जवळून पाहायला मिळाली. तुलसीदासांनी ‘रामचरितमानस’ अवधीत लिहिले, सूरदासांनी पदे रचली ती ब्रज भाषेत. त्यांचे दोहे आणि पदे आम्ही पाठ करायचो, त्यावर गुण मिळवायचो. पण घरून अवधी बोलत आलेला मुलगा वर्गात तोंड उघडे, तेव्हा बाकीचे त्याला गावंढळ म्हणून हसत. पुस्तकात ती भाषा पूज्य होती, बाकावर मात्र हास्यास्पद. पाहता पाहता असे मूल बोलायचेच थांबते.

आपल्या वर्गांतही हे होऊ शकते. घरी एक बोली, पुस्तकात प्रमाण मराठी, बाजारात कोकणी, टीव्हीवर हिंदी, पुढे कॉलेजात इंग्रजी. एवढ्या भाषा सांभाळणारे मूल खरे तर श्रीमंत असते. पण उत्तर देताना त्याच्या तोंडून ‘खंय’ निघाले आणि वर्ग हसला, तर त्याला वाटते आपण गरीब आहोत. आपली बोली मराठीची की कोकणीची, हा वाद विद्वानांनी खुशाल करावा. मुलाला ती आईची आहे एवढे ठाऊक असते आणि तेवढे पुरे आहे. प्रमाण मराठी आपण शिकवणारच. परीक्षेत शुद्ध लिहायलाच हवे, त्यात सवलत नाही. मात्र प्रमाण भाषा शिकण्यासाठी घरची भाषा टाकून द्यावी लागत नाही. कांबळी यांचे आयुष्य हेच सांगते. ते मुंबईला गेले, मोठे झाले, लंडनला जाऊन आले, पण रेवंडीची बोली त्यांनी गावच्या वेशीवर ठेवली नाही.

म्हणून यंदाच्या स्नेहसंमेलनात निदान एक नाट्यप्रवेश आपल्या गावच्या बोलीत व्हावा, असे शिक्षकांशी बोलून ठरवले आहे. प्रवेश मुलांनीच लिहायचा आहे. त्यासाठी इयत्ता आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी घरातल्या आजी-आजोबांकडे बसून जत्रेतल्या जुन्या नाटकांच्या फजितीचे किस्से लिहून आणावेत. जे शब्द पुस्तकात सापडत नाहीत, त्यांची वेगळी यादी करावी आणि अर्थ समोर लिहावा. पालकांनी मुलांना वेळ द्यावा. आणि विश्वस्त मंडळींना विनंती, की त्या दिवशी पहिल्या रांगेत बसून मोकळेपणाने हसावे. पहिली रांग हसली की मागच्या रांगांतल्या मुलांची भीती जाते.