वजन घटवण्याचं पहिलं गाजलेलं डाएट डॉक्टरच्या नाही, रुग्णाच्या नावाने का ओळखलं गेलं?

जिना उतरताना त्यांना पाठमोरं होऊन एकेक पायरी उतरावी लागायची. बुटाच्या नाड्या बांधायला वाकणंही जमत नव्हतं. 1862 साली लंडनच्या विल्यम बँटिंग यांचं वय साठीच्या पुढे, उंची 5 फूट 5 इंच आणि वजन 202 पौंड, म्हणजे जवळपास 92 किलो होतं.

बँटिंग डॉक्टर नव्हते. त्यांच्या घराण्याचा व्यवसाय अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. 1852 मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्या अंत्ययात्रेचं काम याच पेढीकडे होतं.

वजन उतरावं म्हणून त्यांनी बरंच काही करून पाहिलं होतं. रोज सकाळी होडी वल्हवली, तर भूकच वाढली. औषधं झाली, वाफेची स्नानं झाली, उपाशी राहून झालं. काटा फारसा हलला नाही. रस्त्यावरची टिंगल मात्र सुरूच राहिली.

मग ऐकू कमी येतं म्हणून ते कानाचे डॉक्टर विल्यम हार्वी यांच्याकडे गेले. हार्वी यांनी पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांची यकृत आणि मधुमेहावरची व्याख्यानं ऐकली होती. ऐकू कमी येण्याचं मूळ त्यांना चरबीत दिसलं. त्यांनी ब्रेड, साखर, बटाटे, दूध, लोणी आणि बिअर जवळपास बंद करायला सांगितलं. मांस, मासे, भाज्या आणि थोडी वाइन चालणार होती.

वर्षभरात बँटिंग यांचं वजन 46 पौंडांनी, म्हणजे सुमारे 21 किलोंनी उतरलं. जिना सरळ उतरता येऊ लागला, ऐकूही नीट येऊ लागलं.

1863 मध्ये त्यांनी हा अनुभव स्वखर्चाने छापला. 'लेटर ऑन कॉर्प्युलन्स' नावाची ही पुस्तिका आधी फुकट वाटली. पुढे ती विकली जाऊ लागली, तेव्हा नफा त्यांनी दान केला. पुस्तिका प्रचंड गाजली. वैद्यकीय वर्तुळातून मात्र टीका झाली: एका सामान्य माणसाने आहाराचे सल्ले का द्यावेत?

टीकेत एक मुद्दा खरा होता. एका माणसाचा अनुभव म्हणजे संशोधन नव्हे. हे डाएट कुणाला मानवेल, कुणाला नाही, किती वर्षं टिकेल, हे एका पुस्तिकेवरून ठरत नाही. त्यासाठी अनेक लोकांवर काळजीपूर्वक चाचण्या कराव्या लागतात. कर्बोदकं कमी करायची की एकूण खाणं, हा वाद तर आजही संपलेला नाही.

पण तोवर लठ्ठपणा अनेकांच्या नजरेत आळशीपणाचा किंवा खादाडपणाचा पुरावा होता. बँटिंग यांनी तो उपचार शोधायला हवा असा त्रास म्हणून मांडला आणि स्वतःचं वजन आकड्यांसकट जगासमोर ठेवलं.

1878 मध्ये, 81व्या वर्षी त्यांचं निधन झालं. स्वीडिश भाषेत वजन कमी करण्यासाठी डाएट करण्याला आजही 'बांता' म्हणतात. हा शब्द त्यांच्याच आडनावावरून आला आहे.