प्रतिकृतीचे सुवर्णपदक

डहाणू-तलासरीकडे एखादा मुलगा लाकडाच्या तुकड्यांतून जुन्या मोटारीची हुबेहूब प्रतिकृती करू लागला, तर घरच्यांना तो रिकामटेकडा उद्योग वाटेल. अशांनी दादासाहेब फाळके यांचे चरित्र आठवावे.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर बडोद्याच्या कलाभवनात गेले. डहाणूवरून जाणारा लोहमार्ग त्याच बडोद्याला पोहोचतो. तेथे चित्रकलेबरोबर ते प्रतिकृती घडवायला शिकले. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांच्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळाले. खूश होऊन एका चाहत्याने त्यांना महागडा कॅमेरा दिला.

प्रतिकृतीत प्रत्येक भाग प्रमाणात बसवावा लागतो. तेथे घाई चालत नाही. तोच धीर पुढे कामी आला. १९१२ साली विमा पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले. परतल्यावर कुंडीतल्या वाटाण्याची वाढ रोज थोडी थोडी कॅमेऱ्याने टिपली आणि तो लघुपट दाखवून भांडवल मिळविले. ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. मुलाच्या हातातली पटाशी हिसकावण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे.