कमल रणदिवे

डॉ. कमल जयसिंग रणदिवे (८ नोव्हेंबर १९१७, पुणे – ११ एप्रिल २००१) या कर्करोगावर मूलभूत संशोधन करणाऱ्या मराठी जीवशास्त्रज्ञ होत्या.

शिक्षण

त्यांचे माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. कन्येने डॉक्टर व्हावे, ही वडिलांची इच्छा बाजूला ठेवून हुजूरपागेच्या या विद्यार्थिनीने फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र निवडले. १९३९ साली गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी-आनुवंशिकीवर त्यांनी १९४३ मध्ये एम.एस्‌सी. पूर्ण केली. पुढे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली.

संशोधन

सलग वीस वा अधिक पिढ्या भावा-बहिणींचा संकर घडवल्यास उंदरांचा जवळजवळ एकसारख्या जनुकांचा शुद्ध वाण तयार होतो. काही वाणांत स्तनाचा कर्करोग वारंवार आढळतो, काहींत क्वचित. रणदिवे यांनी अशा चार वाणांच्या निरोगी स्तनग्रंथींची तुलना केली. हा रोग केवळ आनुवंशिक नसून त्याचा एक घटक आईच्या दुधातून पिलांकडे जातो, हे अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवले होते. तो घटक विषाणू असल्याचे नंतर सिद्ध झाले. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध उलगडणे, हे रणदिवे यांच्या कार्याचे सूत्र ठरले. शुद्ध वाणांच्याच आधारे पुढे जगभर उंदराच्या जनुकांचे नकाशे तयार झाले. प्रतिपिंडांच्या जड साखळीची जनुके बाराव्या गुणसूत्रावर, तर हलक्या साखळ्यांपैकी कापाची सहाव्या व लॅम्डाची सोळाव्या गुणसूत्रावर असल्याचे त्यांतून निश्चित झाले.

अमेरिकेत जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकून त्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात परतल्या व तेथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. कुष्ठरोगाच्या जिवाणूंवरील संशोधनातही त्यांचा सहभाग होता. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या.

सामाजिक कार्य व सन्मान

१९७३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या त्या संस्थापकांपैकी एक होत. उत्तरायुष्यात त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात (वऱ्हाडातील अकोला नव्हे) आदिवासी बालकांच्या पोषणाची पाहणी केली आणि ग्रामीण स्त्रियांना आरोग्यविषयक मार्गदर्शन केले. भारत सरकारने १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले.