विश्लेषण : शीतगृहात अमोनिया आणणाऱ्या लिंडे यांनी आधी गळतीच का रोखली?

सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातले केम हे गाव कुंकवासाठी ओळखले जाते. मात्र परिसराचे अर्थकारण आता केवळ हळदी-कुंकवावर उभे नाही. उजनीच्या पाणलोटावर कंदर भागात पिकणारी केळी परदेशी जातात, गावोगावचे दूध रोज संकलन केंद्रांवर येते. केळी असो वा दूध, वेळेत थंड झाले नाही तर माल हातचा जातो. मोठी शीतगृहे, दूध प्रकल्प आणि बर्फाचे कारखाने यांत हा थंडावा बहुतेक ठिकाणी अमोनिया देतो. हाच वायू यंत्राबाहेर आला तर काय होते, हे एप्रिल २०२४ मध्ये दौंड तालुक्यातील यवतजवळ भांडगाव येथे दिसले. तेथील अन्नप्रक्रिया कारखान्यात अमोनियाची गळती होऊन १७ कामगारांना रुग्णालयात न्यावे लागले. अमोनियाचे शीतयंत्र उद्योगात रुजवणारे जर्मन अभियंते कार्ल फॉन लिंडे यांच्यापुढे दीडशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न होता. त्यांच्या आयुष्याचा आणि या प्रश्नाचा हा आढावा.

कार्ल फॉन लिंडे कोण होते?

लिंडे यांचा जन्म ११ जून १८४२ रोजी बव्हेरियातील बर्नडॉर्फ या खेड्यात झाला. वडील प्रोटेस्टंट धर्मोपदेशक. मुलानेही तोच मार्ग धरावा, अशी घरची अपेक्षा होती. पण कार्ल यांचा ओढा यंत्रांकडे होता. १८६१ मध्ये ते झुरिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाले. उष्णतेच्या शास्त्राचा पाया घालणारे रुडॉल्फ क्लाउझियुस आणि यंत्ररचनेचे अभ्यासक फ्रान्झ रूलो तेथे त्यांना शिकवायला होते. १८६४ मध्ये विद्यार्थ्यांच्या आंदोलनात भाग घेतल्यामुळे लिंडे यांना पदवीविनाच संस्था सोडावी लागली. रूलो यांनी शब्द टाकला आणि त्यांना केम्प्टन येथील सूतगिरणीत उमेदवारी मिळाली. पुढे बर्लिनमध्ये आणि म्युनिकमध्ये रेल्वे इंजिनांच्या कारखान्यांत त्यांनी काम केले. १८६८ मध्ये म्युनिकच्या नव्या तंत्रशिक्षण संस्थेत ते अध्यापक झाले आणि १८७२ मध्ये प्राध्यापक. डिझेल इंजिनाचे जनक रुडॉल्फ डिझेल हे त्यांचेच विद्यार्थी.

थंडाव्याकडे ते कसे वळले?

१८७० च्या सुमारास तेलातून पॅराफिन वेगळे करण्यासाठी शीतयंत्राची स्पर्धा जाहीर झाली होती. ती वाचून लिंडे यांनी उपलब्ध यंत्रांचा हिशेब मांडला. खर्च झालेल्या ऊर्जेच्या तुलनेत मिळणारा थंडावा फारच कमी असल्याचे त्यांच्या लक्षात आले. १८७० आणि १८७१ मध्ये त्यांनी यावर लेख लिहिले आणि ते बिअर उत्पादकांच्या नजरेत भरले. लागर बिअर आंबवताना तापमान दहा अंशांच्या खाली ठेवावे लागते. त्यासाठी हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून तळघरांत भरून ठेवत. हिवाळा उबदार गेला की धंदा अडचणीत येई. त्या शतकात मुंबईच्या बर्फगृहातही अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ जहाजाने येत असे. त्यावरून थंडावा किती महाग होता, याची कल्पना येते. म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीचे मालक गाब्रिएल झेडलमायर यांनी लिंडे यांना प्रयोगासाठी आपली जागा दिली.

ईथर सोडून अमोनिया का निवडला?

द्रव उकळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो, यावर शीतयंत्र चालते. त्याची वाफ कॉम्प्रेसरने दाबायची, कंडेन्सरमध्ये निववून पुन्हा द्रव करायची आणि हे चक्र चालू ठेवायचे. लिंडे यांचे पहिले यंत्र १८७३ च्या सुमारास श्पाटेनमध्ये उभे राहिले, त्यात मिथाइल ईथर होते. ईथर हवेत मिसळले की ठिणगीने भडकण्याचा धोका. यंत्र चालले, पण लिंडे यांचे समाधान झाले नाही. त्यांनी ते तसेच विकण्याऐवजी नव्याने आराखडा केला आणि १८७६ मध्ये अमोनियाचे यंत्र तयार झाले.

अमोनिया वापरणारे लिंडे पहिले नव्हेत. फ्रान्सच्या फर्दिनां कारे यांनी १८५९ मध्येच पाण्यात अमोनिया शोषून घेणारे वेगळ्या पद्धतीचे यंत्र केले होते. अमोनियाची वाफ दाबणारी यंत्रेही इतरत्र बनू लागली होती. लिंडे यांनी हिशेब आणि बांधणी यांची सांगड घातली. अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो, एक किलो द्रव उकळताना सुमारे १,३७० किलोज्यूल उष्णता घेतो आणि ईथरइतक्या सहज पेटत नाही. त्याचा दोष एकच, पण मोठा. तो डोळे, नाक, घसा आणि फुप्फुसातल्या ओलाव्याशी लगेच संयोग पावतो आणि भाजतो.

गळतीचा प्रश्न त्यांनी कसा सोडवला?

कॉम्प्रेसरचा दट्ट्या सिलिंडरच्या आत सरकतो, पण त्याचा दांडा बाहेरच्या चाकाला जोडलेला असतो. दांडा जिथून बाहेर येतो, ती जागा म्हणजे यंत्राची सर्वांत कच्ची बाजू. मिस्त्री तिला ग्लँड म्हणतात. दांडा सतत हलणार, तरी आतला वायू बाहेर येता कामा नये, अशी ही अडचण. पहिल्या यंत्रात लिंडे यांनी पाऱ्याचा अडसर केला होता. तो गुंतागुंतीचा आणि सांभाळायला कठीण ठरला. दुसऱ्या यंत्रात त्यांनी ग्लँडमध्ये ग्लिसरीन भरले. दांड्याभोवती द्रवाचे कडे तयार झाले आणि वायूची वाट बंद झाली. वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या या बदलामुळे अमोनिया प्रयोगशाळेतून कारखान्यात जाऊ शकला. १८७७ मध्ये असे यंत्र ट्रिएस्टे येथील ड्रेहर ब्रुअरीत बसवले गेले आणि ते १९०८ पर्यंत चालले.

प्राध्यापकी सोडून कारखानदारी कशासाठी?

यंत्राला मागणी वाढल्यावर २१ जून १८७९ रोजी लिंडे यांनी भागीदारांसह वीसबाडेन येथे कंपनी स्थापन केली आणि प्राध्यापकपद सोडले. १८८३-८४ चा हिवाळा उबदार गेला, बर्फ मिळेना आणि ब्रुअरी मालक यंत्राकडे धावले. पाठोपाठ कत्तलखाने, बर्फाचे कारखाने आणि अन्नसाठ्याची गोदामे आली. १८९० मध्ये लिंडे यांनी कंपनीचा दैनंदिन कारभार सोडला आणि ते म्युनिकला संशोधनाकडे परतले. १८९५ मध्ये त्यांनी मोठ्या प्रमाणावर हवा द्रवरूप करून दाखवली. १९०२ मध्ये त्या द्रवातून शुद्ध ऑक्सिजन वेगळा काढला. रुग्णालयांना लागणाऱ्या ऑक्सिजनचा उद्योग त्याच पायावर उभा आहे. १८९७ मध्ये सरदारकीचा मान मिळाल्याने नावात ‘फॉन’ आले. १६ नोव्हेंबर १९३४ रोजी म्युनिकमध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

लिंडे यांचा अमोनिया आजही का वापरतात?

लिंडे यांच्या अखेरच्या वर्षांत अमेरिकेत फ्रिऑन वायू आले. त्यांना वास नाही, ते पेटत नाहीत, म्हणून घरगुती फ्रिजमध्ये त्यांनी अमोनियाला जागाच ठेवली नाही. पुढे हे वायू ओझोनचा थर विरळ करतात, हे स्पष्ट झाले आणि १९८७ च्या माँट्रियल कराराने त्यांवर बंधने आली. नंतरच्या पर्यायी वायूंपैकी अनेक तापमानवाढीला हातभार लावणारे निघाले. अमोनियात हे दोन्ही दोष नाहीत, शिवाय तो स्वस्त आहे आणि वीज कमी खातो. त्यामुळे मोठ्या यंत्रणांमध्ये तो टिकून आहे आणि गळती रोखण्याला पर्याय नाही.

मग आज गळती कुठून होते?

आधुनिक कॉम्प्रेसरची सीले सुधारली आहेत, पण बाकीच्या वाटा कायम आहेत. पहिली वाट तेल काढण्याची. कॉम्प्रेसरचे तेल अमोनियात विरघळत नाही, ते टाक्यांच्या तळाशी साचते आणि वेळोवेळी हाताने काढावे लागते. तेल संपले की त्याच नळीतून अमोनिया उसळतो. व्हॉल्व्ह उघडा ठेवून माणूस बाजूला गेला, की अपघात ठरलेला. दुसरी, गंज. थंड पाइपांवरच्या आवरणात पाणी शिरले की आतला पाइप कुजतो आणि बाहेरून काही दिसत नाही. तिसरी, दोन बंद व्हॉल्व्हमध्ये अडकलेला द्रव. तो तापून फुगला की पाइप फुटतो. चौथी, मालाच्या ट्रॉलीचा किंवा फोर्कलिफ्टचा धक्का.

पाचवी वाट आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे, वीज गेल्यानंतरची. २३ ऑगस्ट २०१० रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात एका शीतगृहाची वीज सात तासांहून अधिक काळ गेली होती. यंत्रणा पुन्हा सुरू करताना बर्फ वितळवण्याचे चक्र अर्धवट तुटले. गरम वायू आणि थंड द्रव समोरासमोर आले आणि त्या हिसक्याने छतावरचा पाइप फुटला. साडेचौदा टनांच्या आसपास अमोनिया बाहेर पडला आणि दीडशेहून अधिक लोकांना त्याची बाधा झाली.

ती टाळायची कशी?

लिंडे यांनी ग्लँडकडे जसे पाहिले, तसे प्रत्येक कच्च्या जागेकडे पाहणे, हाच उपाय. तेल काढण्याच्या नळीवर हात सोडताच आपोआप बंद होणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवावा आणि हे काम एकट्याने करू नये. सेफ्टी व्हॉल्व्ह ठरल्या मुदतीत बदलावेत. अनेक देशांत ही मुदत पाच वर्षांची आहे. पाइपांचे आवरण काही ठिकाणी उघडून गंज तपासावा. पितळ किंवा तांब्याचा सुटा भाग बसवू नये, ओलसर अमोनिया ते खातो. यंत्रखोलीत वायू ओळखणारे सेन्सर आणि पंखे असावेत. आठ तासांच्या कामासाठी हवेतील अमोनियाची मर्यादा दहा लाखांत २५ भाग मानली जाते आणि ३०० भागांना तो जिवावर बेतणारा समजतात. वीज आल्यावर यंत्रणा कोणत्या क्रमाने सुरू करायची, तो क्रम मराठीत लिहून भिंतीवर लावावा.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना आणि परिसरातील लोकांना देण्याची जबाबदारी कारखानदारावर आली. महाराष्ट्रात यावर देखरेख औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची आहे. तरीही माल निवडायला आणि भरायला येणाऱ्या रोजंदारीच्या महिलांना, ठेकेदाराच्या मजुरांना आपण कोणत्या वायूशेजारी उभे आहोत, हे सांगितले जातेच असे नाही. दरवाजा कुठे आणि धावायचे कोणीकडे, याची तालीम त्यांनाही हवी.

गळती झालीच तर काय करावे?

अमोनिया हवेपेक्षा हलका असला तरी दाबाखालून सुटलेला थंड वायू पांढऱ्या धुक्यासारखा जमिनीलगत पसरतो. त्यामुळे धुके दिसताच वाऱ्याच्या दिशेला आडवे जात बाहेर पडावे. प्रत्येक शीतगृहावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी असावी ती यासाठीच. तोंडाला ओला रुमाल बांधल्याने पळताना थोडी मदत होते, पण तेवढ्यावर आत शिरून व्हॉल्व्ह बंद करायला जाऊ नये. ते काम श्वसनसंच घातलेल्या प्रशिक्षित माणसाचे. अग्निशमन दल पाण्याचा फवारा वायूच्या ढगावर मारते. सांडलेल्या द्रवावर पाणी टाकले तर तो आणखी उसळतो. डोळ्यांत किंवा अंगावर गेल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे आणि ११२ क्रमांकावर कळवावे. शेजारच्या वस्तीला कळवण्याचे काम कोणाचे, हे मात्र गळतीच्या दिवशी ठरवून चालत नाही. गाव आणि कारखाना यांनी ते आधीच ठरवून ठेवावे लागते.